तीन मिलिमीटरांनी उडवलेली झोप

डॉक्टरबाई, नमस्कार.

माझं वय ५४. सांगलीजवळ राहते. दिवाळीत लेकीनं पुण्याला नेऊन पॅकेजमधली सगळी तपासणी करवली. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये ३८ मिलिमीटरची ‘सिंपल सिस्ट’ निघाली. सहा महिन्यांनी इथं सांगलीत परत केली, तर ४.१ सेंटिमीटर. म्हणजे वाढली. एक डॉक्टर म्हणतात दर तीन-सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहा. दुसरे म्हणतात सीटी करून टाका. तिसरे म्हणतात विसरून जा. जाऊबाईंच्या ओळखीत एकीचं सुईनं पाणी काढलं होतं, चार महिन्यांत परत भरलं. दीर गुळवेलीचा काढा देतात, तो दोन महिने घेतेय. पोट फुगतं, आंबट ढेकर येतात, ते यामुळंच का? सासूबाई लिव्हरच्या कॅन्सरनं गेल्या, त्यामुळं ‘गाठ’ म्हटलं की हातपाय गळतात. लेक विचारते, कॅन्सरची रक्ततपासणी करावी का, आणि तिलाही हे होईल का? भरलेला हंडा उचलणं मी बंद केलंय. फुटली तर? फलटणपासून दरवर्षी वारीत चालते, यंदा जाऊ की नको? माझं माहेर माण तालुक्यातलं. मेंढरांत वाढलेली माणसं आम्ही, दवाखान्याची सवय नाही, म्हणून एवढं विचारते. दोन्ही वेळचे रिपोर्ट जोडलेत.

– एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

रिपोर्ट जोडलेत हे फार बरं केलंत. कारण पत्रात तुम्ही एकच आकडा लिहिलाय आणि रिपोर्टात दोन-दोन आहेत. पुण्याचा रिपोर्ट म्हणतो ३८ बाय ३४ मिलिमीटर. सांगलीचा म्हणतो ४.१ बाय ३.३ सेंटिमीटर. एकानं मिलिमीटरात लिहिलं, दुसऱ्यानं सेंटिमीटरात. दोन्ही एका मापात आणून बघू. दिवाळीत ३८ बाय ३४ होती, आता ४१ बाय ३३ आहे. म्हणजे एका बाजूनं तीन मिलिमीटर वाढली आणि दुसऱ्या बाजूनं एक मिलिमीटर घटली. घरात सगळ्यांनी त्या तीनचा धसका घेतला. घटलेल्या एकाकडे कुणी बघितलंच नाही.

हे कसं होतं ते सांगते. तुम्ही श्वास ओढून धरता, डॉक्टर पडद्यावरचं चित्र थांबवतात आणि त्या काळ्या डागाच्या एका कडेला एक फुली, समोरच्या कडेला दुसरी फुली ठेवतात. दोन फुल्यांमधलं अंतर मशीन सांगतं. आता ही सिस्ट काही लिंबासारखी गोल नसते, बटाट्यासारखी वेडीवाकडी असते. बटाटा जरा तिरका कापला की चकती मोठी निघते, सरळ कापला की लहान. बटाटा तोच! त्यात श्वास कमी-जास्त घेतला की लिव्हर वरखाली सरकतं, मशीन वेगळं, फुली ठेवणारा हात वेगळा. दोन गावांतल्या दोन रिपोर्टांत तीन मिलिमीटरांचा फरक पडला तर मी त्याला वाढ म्हणत नाही.

आणि मुळात आत आहे किती? ३८ मिलिमीटरच्या गोळ्यात साधारण २९ मिलिलिटर पाणी मावतं. खोकल्याच्या औषधावर ते १० मिलिलिटरचं झाकण येतं ना, त्या मापानं जेमतेम तीन झाकणं. १० सेंटिमीटरची सिस्ट झाली तर मात्र अर्धा लिटर, म्हणजे दुधाची एक पिशवी. असल्या मोठ्या सिस्टचा त्रास होऊ शकतो. तुमची तीन झाकणांची आहे, आणि ती सव्वा किलोच्या वर वजन असलेल्या अवयवात एका कोपऱ्यात बसलीय.

आता त्या ‘गाठ’ शब्दाबद्दल. आपल्याकडे पदराची गाठ, दोरीची गाठ आणि कॅन्सरची गाठ या सगळ्यांना एकच शब्द, त्यामुळं रिपोर्टात काहीही गोल दिसलं की घरात सुतक. तुमच्या लिव्हरमध्ये आहे ती पाण्यानं भरलेली पातळ पापुद्र्याची पिशवी. आपण आईच्या पोटात असताना लिव्हरमध्ये पित्ताच्या बारीक नळ्या तयार होतात. त्यातली एखादी मुख्य जाळ्याला जोडली न जाता सुटी राहते. तिचं अस्तर आयुष्यभर थेंबथेंब पाणी सोडत राहतं आणि वाट नसल्यामुळं ते तिथंच साठतं. चाळिशी-पन्नाशीनंतर ती डोळ्यात भरण्याएवढी होते, आणि बायकांमध्ये जास्त आढळते. वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरातल्या अडीच माणसांपासून अठरा माणसांपर्यंत ती सापडलीय. बहुतेकांना पत्ताही नसतो. तुम्ही पॅकेज केलं नसतं तर तुम्हालाही नसता.

‘सिंपल’ हा शब्द डॉक्टरांनी तुमचं समाधान करायला घातलेला नाही, तो कमवावा लागतो. तुमच्या पुण्याच्या रिपोर्टात चार गोष्टी लिहिल्यात. ‘अ‍ॅनेकोइक’, म्हणजे आत ठार काळं, निव्वळ पाणी. ‘थिन वॉल’, म्हणजे भिंत दिसेल न दिसेल इतकी पातळ. ‘नो सेप्टेशन’, म्हणजे आत पडदे नाहीत, खोल्या पडलेल्या नाहीत. आणि ‘पोस्टीरिअर एन्हान्समेंट’, म्हणजे सिस्टच्या पाठीमागचा भाग उजळ दिसतो, कारण पाण्यातून ध्वनिलहरी फारशा न अडता पार जातात. चारही असतील तर ती सिंपल. याच्या उलट जाड पडदे, भिंतीला आतून चिकटलेले मांसल उंचवटे, चुना जमलेला, असं काही लिहिलं असतं तर मीच तुम्हाला एमआरआय करायला लावला असता. कारण ‘म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम’ नावाची एक वेगळी, विरळा गाठ असते, तीही बहुतेक मध्यम वयाच्या बायकांतच होते, आणि ती शस्त्रक्रियेनं पूर्ण काढावी लागते. तुमच्या दोन्ही रिपोर्टांत तसलं एक अक्षर नाही. साध्या सिस्टचा पुढं कॅन्सर होईल म्हणून तिच्यावर पहारा ठेवायची गरज नसते. सासूबाईंचं दुःख खरं, पण त्यांचा आजार वेगळा होता, आणि त्यांच्याशी तुमचं नातं लग्नाचं, रक्ताचं नाही.

मग तीन डॉक्टरांची तीन मतं का? तिघंही हवेत बोलत नाहीयेत. चार सेंटिमीटरच्या वरची सिस्ट असेल तर सुरुवातीला काही महिन्यांनी परत बघावी, असं आम्ही शिकत आलो. तुमची सिस्ट ३.८ वरून ४.१ झाली आणि नेमकी ती रेघ ओलांडून बसली, म्हणून पहिले डॉक्टर सावध झाले. सीटीवाल्यांना एकदाचा सोक्षमोक्ष लावायचाय. पण पोटाच्या सीटीत किरणोत्सर्ग होतो, आणि पडदे आहेत का हे सोनोग्राफी आणि एमआरआय सीटीपेक्षा चांगलं दाखवतात. तेव्हा या कामाला सीटी म्हणजे चुकीचं अवजार. तिसऱ्यांचं ‘विसरून जा’ हे आजच्या ज्ञानाला धरून आहे. ‘युरोपियन असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ द लिव्हर’ ही यकृततज्ज्ञांची मोठी संघटना. तिनं २०२२ मध्ये लिव्हरच्या सिस्टवर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात स्वच्छ सांगितलं की त्रास नसलेल्या साध्या सिस्टचा पाठपुरावा करू नये. ‘करू नये’ म्हणजे दर वर्षीही नाही. दर सहा महिन्यांनी मोजलं तर दर सहा महिन्यांनी वेगळा आकडा येणार, आणि दर सहा महिन्यांनी तुमची झोप उडणार. त्यापलीकडे हाती काही लागत नाही.

म्हणजे तिसऱ्या डॉक्टरांचं बरोबर. फक्त एक पायरी त्यांच्याकडून राहिली, कारण तुम्ही त्यांना ती गोष्ट सांगितली नसणार. पत्राच्या शेवटी तुम्ही ती सहज लिहून गेलात, आणि मी मात्र तिथंच थांबले: ‘मेंढरांत वाढलेली माणसं आम्ही.’

माणदेशातला मेंढरांचा वाडा म्हटलं की राखणीची कुत्री आलीच. मेंढरू मेलं किंवा कापलं की आतडी, काळीज, फोफसं कुत्र्यांपुढं टाकायची पद्धत सगळीकडेच. त्या अवयवांत एका बारीक पट्टकृमीची पिल्लावळ असेल तर कुत्र्याच्या आतड्यात तो कृमी वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेतून मातीत, गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या अंगावरच्या केसांत पसरतात. मेंढरं ती चरताना गिळतात. आणि कुत्र्याशी खेळून तसाच भाकरीला हात घालणारं पोरही गिळतं. त्यातून लिव्हरमध्ये जी पाण्याची पिशवी तयार होते तिला ‘हायडॅटिड सिस्ट’ म्हणतात. ती सावकाश वाढते, वर्षानुवर्षं मुकी राहते. लहानपणी पोटात गेलेलं पन्नाशीत दिसलं, असं होतं. आणि अगदी सुरुवातीच्या अवस्थेतली हायडॅटिड सोनोग्राफीवर हुबेहूब साध्या सिस्टसारखी दिसू शकते.

घाबरवायला हे सांगत नाही. तुमची सिस्ट साधी असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. पण हा प्रश्न एकदा विचारल्याशिवाय फाइल बंद करू नये, हे मी फार लवकर आणि फार वाईट रीतीनं शिकले. मी निवासी डॉक्टर होते. वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा, पोटात दुखतं म्हणून आलेला. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पाणी. वरिष्ठांनी ठरवलं की सुई घालून बघू. मी ट्रे धरून उभी. सुई आत गेली, काचेसारखं स्वच्छ पाणी आलं, सगळ्यांना वाटलं झालं काम. दोन-तीन मिनिटांत पोराच्या छातीवर गांध्या उठल्या, ओठ सुजले, नाडी लागेना. अ‍ॅड्रेनलिन, सलाइन, सगळी धावाधाव. वाचला तो. नंतर त्याचा बाप व्हरांड्यात भेटला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आम्ही कुणी त्याला काय धंदा करता एवढंही विचारलं नव्हतं. हायडॅटिडचं पाणी आत सांडलं की शरीर असं पेटून उठू शकतं, आणि त्यातले अंकुर पोटात पसरून नव्या पिशव्या धरू शकतात. त्या दिवसापासून कुणाच्याही पोटावर सुई टेकवण्याआधी माझा पहिला प्रश्न ठरलेला: घरी कुत्री-मेंढरं होती का?

तर तुम्ही आता एवढं करायचं. चांगल्या रेडिओलॉजिस्टकडे एकदा जा, दोन्ही जुन्या फिल्म्स बरोबर न्या, आणि टेबलावर आडवं होण्याआधीच सांगा, ‘माझं बालपण मेंढरांत गेलंय, हायडॅटिड नाही ना ते बघा.’ एवढं वाक्य कानावर पडलं की बघणाराची नजर बदलते. भिंत एकेरी आहे की दुहेरी रेघ दिसते, सिस्टच्या पोटात आणखी लहान पिशव्या आहेत का, हे तो शोधेल. तुम्हाला कुशीवर वळायला सांगेल. तांदूळ धुतलेलं भांडं हलवल्यावर तळाचा गाळ उठतो, तशी बारीक रेती आत तरंगताना दिसली तर ती हायडॅटिडची खूण. जोडीला रक्ताची हायडॅटिड आयजीजी ही तपासणी करा. ती निगेटिव्ह आली म्हणजे शंभर टक्के सुटलात असं नसतं, काही जणांत ती चुकते. म्हणून सोनोग्राफी आणि रक्त दोन्ही एकत्र वाचायचं. समजा संशय निघालाच, तरी रात्रीत पळापळ करायचं कारण नाही. अल्बेंडाझोलच्या गोळ्या असतात, अवस्थेनुसार सुईची खास पद्धत किंवा शस्त्रक्रिया असते. फक्त तो निर्णय पोटाच्या तज्ज्ञाकडेच व्हावा.

आणि दोन्ही स्वच्छ निघालं तर? पुस्तकाप्रमाणं तिथंच संपलं. पण तुमच्या माहेरासाठी मी एक सूट घेते. बरोबर एका वर्षानं, त्याच ठिकाणी, शक्यतो त्याच डॉक्टरांकडून एकच सोनोग्राफी करा. रूप तेच असेल तर रिपोर्टवर त्यांच्याकडून ‘सिंपल सिस्ट, हायडॅटिडची लक्षणं नाहीत’ असं लिहून घ्या आणि तो कागद रेशनकार्डाजवळ ठेवून द्या. पुढं कधी पित्ताशय, मूत्रखडा अशा भलत्याच कारणानं सोनोग्राफी झाली आणि कुणी नव्यानं ‘अहो, लिव्हरमध्ये गाठ आहे’ म्हणालं, तर हा कागद समोर करायचा.

जाऊबाईंच्या ओळखीतल्या बाईंचं पाणी परत भरलं, त्यात नवल नाही. पाणी सोडणारं अस्तर आतच राहिलं तर पिशवी भरणारच. विहीर उपसली तरी झरे तसेच असतात. नुसती सुई घालून पाणी काढणं हा उपाय नव्हेच, आणि त्रास नसलेल्या साध्या सिस्टला सुई लावू नये, असं अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीनं २०१४ मध्येच सांगून ठेवलंय. सिस्ट खरोखर मोठी झाली, उजव्या बरगडीखाली सतत जड वाटायला लागलं, दोन घासांत पोट भरायला लागलं, तर दोन मार्ग असतात. एक, पाणी काढून आत अल्कोहोलसारखं द्रव्य थोडा वेळ ठेवायचं, म्हणजे अस्तर निकामी होतं; त्याआधी सिस्टचा पित्तनळीशी संबंध नाही हे तपासावं लागतं. यात पहिले काही महिने पाणी परत साठल्यासारखं दिसतं आणि मग हळूहळू आटतं, त्यामुळं महिन्याभरात सोनोग्राफी करून ‘फेल गेलं’ म्हणून रडायचं नाही. दुसरा मार्ग दुर्बिणीतून सिस्टचं वर आलेलं छप्पर कापून टाकायचं. मग पाणी पोटाच्या पोकळीत झिरपतं आणि शरीर ते शोषून घेतं. कापलेला तुकडा तपासायला पाठवतात, तो एक जास्तीचा फायदा. पण हे सगळं त्रास असलेल्यांसाठी. यशही त्रास गेला की नाही यावरून मोजायचं, नंतरच्या सोनोग्राफीतल्या सेंटिमीटरांवरून नाही. तुम्हाला यातलं काही लागणार नाही, पण प्रश्न विचारलात म्हणून सांगितलं.

‘त्रास मला आहे ना, पोट फुगतं,’ असं तुम्ही म्हणाल. रिपोर्टात सिस्टचा पत्ता लिहिलाय, ‘राइट लोब, सेगमेंट ७’. लिव्हरचे आठ भाग मानतात, त्यातला सातवा म्हणजे उजवीकडं, वर, पार पाठीमागं, श्वासपटलाच्या खाली. तुमचं जठर डावीकडं. तीन झाकणं पाण्याची पिशवी तिथून इकडं येऊन जठर दाबते, हे मला पटवता येणार नाही. पोट फुगण्याची, आंबट ढेकरांची कारणं स्वयंपाकघरात आणि घड्याळात शोधा. रात्री साडेनऊला जेवून दहाला आडवं होता का? सकाळी उपाशीपोटी चहाचे दोन कप होतात का? वजन घटतंय, गिळायला अडखळतं, शौचाला काळं होतं, असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला आणि औषधानं न जाणारा अपचनाचा त्रास असेल तर एंडोस्कोपी करून घेतलेली बरी. पण त्याचं खापर सिस्टवर फोडायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता खरा चोर. पुण्याच्या त्याच रिपोर्टात सिस्टच्या वरच्या ओळीत काय छापलंय बघितलंत का? ‘ग्रेड १ फॅटी इन्फिल्ट्रेशन.’ लिव्हरमध्ये चरबी. त्याच फाइलमध्ये एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा तो उंबरठा). वजन ७२ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८०च्या आत सांगतात. तीन डॉक्टर, लेक, दीर, जाऊबाई, सगळे मिळून त्या निरुपद्रवी पाण्याच्या थेंबावर भांडताहेत आणि या ओळीवर कुणी बोट ठेवलं नाही. लिव्हर खराब होण्याची तुम्हाला खरीच भीती वाटत असेल तर ती इथं वाटू द्या. पुढं जाऊन लिव्हर निबर करते ती ही चरबी. सिस्ट नव्हे.

कितपत काळजी करायची याचा एक सोपा हिशेब असतो, ‘फिब-४’ म्हणतात त्याला. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. (एएसटी आणि एएलटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे.) मी तुमच्या आकड्यांवर केला: ५४ गुणिले ३४, म्हणजे १,८३६. खाली २३० गुणिले ४१चं वर्गमूळ, म्हणजे १,४७३च्या आसपास. उत्तर १.२५. १.३च्या खाली असेल तर लिव्हर निबर झालं असण्याचा धोका कमी. तुम्ही काठावर, पण सुरक्षित बाजूला आहात. वजन सात टक्के, म्हणजे पाच किलो उतरवलंत तर चरबी चांगलीच घटेल आणि साखरही मागं हटेल. वर्षभराची मुदत घ्या. भाकरी सोडू नका, उलट चपातीच्या जागी ज्वारीची भाकरी बरी. सोडायचं ते चहातली साखर, बिस्किटं, फरसाण. आणि रात्रीचं जेवण साडेसातला. ढेकरांचाही निकाल त्यातच लागेल बहुतेक.

काढा मात्र आजच बंद करा. दिरांची माया मला कळते. पण सिस्ट आटवणारा काढा नाही, गोळी नाही, पथ्यही नाही. पापुद्र्यात बंद पाणी लसणीनं वा हळदीनं बाहेर येत नाही. आणि गुळवेल बिनधोक असा जो समज करोनात घरोघरी पसरला, त्याला मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी हरकत घेतली. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण त्यांनी २०२१ मध्ये शोधनिबंधात नोंदवले. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद कुणीही जिंको, ज्याचा उपयोगच नाही त्याची जोखीम तुम्ही का घ्यायची? तुमच्या लिव्हरच्या रक्ततपासण्या दिवाळीतल्या, काढ्याच्या आधीच्या. तेव्हा हायडॅटिडसाठी रक्त द्याल त्याच सुईत एलएफटी, म्हणजे लिव्हरची ती रक्ततपासणी, पुन्हा करून घ्या.

लेकीचं उत्तर दोन ओळींत. कॅन्सरची रक्ततपासणी, म्हणजे सीए १९-९, मुळीच करू नका: साध्या सिस्टचं अस्तरही तो पदार्थ बनवतं, तो आकडा निरोगी सिस्टवाल्यांतही वाढलेला सापडतो, आणि मग नवीन तीन मिलिमीटर सुरू होतात. एकट्या सिस्टचा वारसा जात नाही. लिव्हरमध्ये दहाहून जास्त सिस्ट असत्या, किंवा मूत्रपिंडांतही असत्या, घरात कुणी डायलिसिसवर गेलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तुमची एकच आहे आणि मूत्रपिंडं स्वच्छ आहेत.

धावत जायची वेळ कोणती, तेही ऐकून ठेवा. उजव्या बरगडीखाली अचानक असह्य कळ आली आणि ती राहिलीच, तर सिस्टमध्ये रक्तस्राव झालेला असू शकतो. थंडी वाजून ताप आणि उजवीकडं दुखणं, म्हणजे जंतुसंसर्ग. आपल्याकडं अमीबाचा गळूही असाच येतो. डोळे पिवळे झाले तर कावीळ उतरवणाऱ्याकडं न जाता दवाखान्यात. एवढ्याशा सिस्टला यातलं काही होणं फार विरळा, पण आकडा मोजण्यापेक्षा याकडं लक्ष असलेलं बरं.

हंडा उचला. चार सेंटिमीटरची, इतकी आत, बरगड्यांच्या आड बसलेली सिस्ट हंड्यानं फुटत नाही. तुमच्या कमरेचं काय होतं ते वेगळं. आणि वारी! फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूर, एवढं तुम्ही दरवर्षी चालता आणि मला विचारता जाऊ का? त्या पाच किलोंची सुरुवात तिथूनच करा. रक्ताचा निकाल आषाढाच्या आधी हातात येईल, पण समजा उशीर झाला तरी निघा. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पाण्याची बाटली आपली घ्या, आणि मुक्कामाला दिंडीच्या पंगतीत दुसऱ्यांदा शिरा वाढायला आले की हात आडवा धरा. सोनोग्राफीत काय निघालं ते मला परतल्यावर कळवा.